बोट अडलं की लाल ठिपका

आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत सहा बटणं आहेत. एकाच मापाची, एकाच रंगाची, एका ओळीत बसवलेली. त्यातलं एक पाण्याच्या पंपाचं, बाकीची जिन्याच्या, गच्चीच्या आणि फाटकाच्या दिव्यांची. मनवेलपाड्यातले आम्ही शिकलेसवरलेले लोक चौदा वर्षं पंप बंद करायला जायचो आणि जिन्याचा दिवा घालवून यायचो. टाकी वाहायची, खालचे वरच्यांना बोल लावायचे आणि सेक्रेटरी फळ्यावर सूचना लिहायचे, 'कृपया योग्य तेच बटण दाबावे.' योग्य कोणतं, हे सूचनेत कधीच नसायचं.

वनिता घरत तळमजल्यावर भाड्यानं राहायला आली. दुसऱ्याच आठवड्यात पंपाच्या बटणावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा जाडसर तुकडा चिकटलेला दिसला. अंधारातही हाताला कळावा असा. सेक्रेटरींनी तिला जिन्यात गाठलं. "कुणाला विचारून केलंत हे?"

"कुणाला विचारायला लागू नये म्हणून केलं," ती म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन घरात गेली.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या एका उत्तरावर मी ही मुलगी हेरून ठेवली.

मुलगी म्हणते खरी, पण तेव्हा तिनं छत्तिशी गाठली होती. अंगानं बारीक, चालणं झपाझप, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. नवरा टेम्पोवर, त्यामुळं आठवड्यातले चार दिवस बाहेर. माहेर कामणजवळ, खाडीकाठच्या गावात, भातशेतीचं. कामणच्याच एका मोठ्या गोदामात ती पॅकिंगच्या लाइनीवर लीडर होती. हाताखाली वीस बायका. कंपनीची बस तिला सकाळी नाक्यावरून उचलायची आणि संध्याकाळी आणून सोडायची.

गोड बोलणं तिला जमत नसे. कुणाच्या घरी गेली की "छान आहे हं घर" म्हणायचं सोडून ती म्हणायची, "तुमची चहाची पावडर खाली आणि भाजणी वर कशी? रोज लागतं ते हाताशी नको?" माझ्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा मी फोनवर बँकेचं ॲप उघडून बसले होते. ती मागे उभी राहिली. मला वाटलं, सभ्यपणे थांबली आहे. पाच मिनिटांनी म्हणाली, "काकू, तुमचं बोट तीन ठिकाणी अडलं."

"अगं, माझी नजर कमी झालीय."

"नजर नाही. तिथं काय दाबायचं ते लिहिलेलंच नाही. माणूस चुकत नाही काकू, बोट अडतं. अडलं की समजायचं, करणाऱ्यानं चूक केलीय."

मग तिनं पर्समधून गोदामातल्या बाद लेबलांचा गठ्ठा काढला. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या बँकेच्या ॲपचा पडदा झरझर पेन्सिलीनं काढला आणि जिथं जिथं माझं बोट थांबलं होतं तिथं लाल पेनानं ठिपके दिले. हा तिचा छंदच होता. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन, फुलपाड्याच्या दवाखान्यातलं नंबराचं यंत्र, सगळ्यांची चित्रं तिच्याकडं होती, सगळ्यांना गोवर आल्यासारखे ठिपके.

त्या दिवशी जाताना तिनं विचारलं, "काकू, तुम्ही मुंबईला ऑफिसात मुलाखती घ्यायचात ना?"

खरं सांगते, मी एकतीस वर्षं ऑफिसात मुलाखतीची पत्रं टाइप केली, उमेदवारांना बाकावर बसवलं आणि साहेबांना आत चहा पाठवला. मुलाखत एकही घेतली नाही. पण मी म्हणाले, "हो, खूप." थाप मारायला वय लागत नाही.

तिला 'प्रॉडक्ट डिझायनर' व्हायचं होतं. मला वाटलं, साबणाचे खोके वगैरे करायचे असतील. तसं नव्हे. फोनवर, मशीनवर आपण जे पडदे बघतो, ते कसे असावेत, कुठलं बटण कुठं यावं, हे ठरवणारं माणूस. दोन वर्षं बसमध्ये बसून तिनं मोबाइलवर त्याचा अभ्यास केला होता. जुना लॅपटॉप घेतला होता. आपल्या कामाचे नमुने एका वेबसाइटवर मांडले होते. आता मुलाखतीची तयारी हवी होती, आणि ती तयारी तिला कसल्याही परिस्थितीत याच वर्षी करायची होती.

"इतकी घाई काय?" मी विचारलं.

"आहे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी साडेसहाला ती बसमधून उतरून थेट माझ्याकडं यायला लागली. खुर्चीवर बसायची नाही. माझं लोखंडी कपाट हा तिचा फळा. कपाटाच्या दारावर मार्करनं चौकोन काढायचे आणि मला समजावून सांगायचं. एकदा न पुसणारा मार्कर आणला. "काकू, चुकलं," म्हणाली आणि घासलेटच्या बोळ्यानं तासभर दार घासत बसली. गॅस बुकिंगच्या पडद्याचा एक कोपरा अजून माझ्या कपाटावर फिकट दिसतो. मी तो राहू दिलाय.

मुलाखतीत उत्तर लांबलं की लोक कंटाळतात, एवढं मात्र मला बाकावरच्या अनुभवावरून ठाऊक होतं. म्हणून मी नियम केला. कुकर लावायचा, प्रश्न विचारायचा आणि तिसऱ्या शिट्टीच्या आत उत्तर संपवायचं. पहिले काही दिवस डाळीचा पार गाळ झाला तरी वनिताचं उत्तर चालूच. हळूहळू ती दोन शिट्ट्यांवर आली. "आंधळ्या माणसासाठी लिफ्ट कशी कराल?" दोन शिट्ट्या. "ग्राहक म्हणतो एक आणि साहेब म्हणतात दुसरंच, तर काय कराल?" दीड. या बाईच्या चिकाटीपुढं माझा कुकर थकला, रबर दोनदा बदलावं लागलं.

फक्त एका प्रश्नाला ती अडायची. 'तुमच्या कामातली एक मोठी चूक सांगा.' प्रत्येक मुलाखतीत हा असतोच म्हणे. तो आला की ती कपाटाकडं तोंड करून उभी राहायची. शिट्ट्या होत राहायच्या. एका संध्याकाळी मी गॅस बंद केला आणि म्हणाले, "आता माझं बोट अडलंय. सांग काय ते."

तेव्हा पहिल्यांदा ती खुर्चीत बसली.

तीन वर्षांपूर्वी गोदामात बायकांना टॅबलेट दिले होते. कोणी किती खोकी भरली ते त्यावर दिसायचं. ते बसवायला सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला होता आणि लाइन लीडर म्हणून त्यानं वनितालाच विचारलं, "ताई, यात काय सुधारू?" आयुष्यात पहिल्यांदा तिला असं कोणी विचारलं होतं. तिनं लेबलामागं चित्र काढून दिलं. प्रत्येकीच्या नावापुढं तिचा आकडा मोठ्ठा. पुढं असली तर हिरवा, मागं पडली तर लाल. माणूस खूश झाला. महिन्यात तसा पडदा आला. वनितानं घरी पेढे आणले.

तिच्या लाइनीवर भानूमावशी होत्या. वनिताच्या माहेरच्याच गावच्या, साठीला टेकलेल्या, कामाला वाघीण. आता खाडीकाठच्या गावांत भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्या मिळून तुझं शेत, उद्या माझं. आपलं झालं की मागं राहिलेलीच्या बांधावर जायचं, हे तिथं कोणी कोणाला शिकवत नाही. भानूमावशी गोदामातही तेच करायच्या. हातातलं खोकं संपलं की शेजारणीच्या टेबलावर जाऊन तिची खोकी भरायच्या. नवीन आलेली, पोटुशी, बरं नसलेली, सगळ्यांच्या टेबलावर त्यांचा हात. आकडा मात्र टेबलवालीच्या नावावर पडायचा. तीन आठवड्यांत सगळी लाइन हिरवी आणि भानूमावशी एकट्या लाल. ठेकेदारानं पडद्यावरचा लाल आकडा पाहिला आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. वनिता साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिली. साहेब म्हणाले, "मशीन खोटं बोलेल का?"

"मशीन खोटं नव्हतं बोलत काकू," वनिता म्हणाली. "मशीनला मी अर्धंच सांगितलं होतं. मी सावडीत वाढले, आणि तेवढंच विसरले."

घाई कसली होती ते आता मला कळलं. तो लाल पडदा आणखी कितीतरी गोदामांत गेला होता आणि नवनव्या गोदामांत जातच होता. तो बदलायचा तर जिथं तो बनतो तिथंच जाऊन बसायला हवं. तिला बाकी कुठली नोकरी नकोच होती, तो पडदा बनवणारी सॉफ्टवेअर कंपनीच हवी होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तशा अवस्थेत मी तिला मूर्ख सल्ला दिला. म्हणाले, "हे सगळं मुलाखतीत सांगू नकोस. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा. असं सांग की मी कामात फार बारकाईनं बघते म्हणून कधी उशीर होतो. चूकही झाली आणि कौतुकही झालं." मुलाखतीची तयारी शिकवणाऱ्या व्हिडिओंतले लोकही हेच सांगत होते. 

पहिली मुलाखत साड्या विकणाऱ्या एका ॲपवाल्यांची आली, सरावाला म्हणून. वनितानं माझं पढवलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. चार दिवसांनी नकाराचं पत्र. त्यात एक ओळ होती की आपली उत्तरं तयार केलेली वाटली. ते वाचून मी तिला माझी थाप कबूल केली. म्हणाले, "मी कधीच कुणाची मुलाखत घेतलेली नाही गं. मी फक्त पत्रं टाइप केली."

ती हसली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही प्रश्न विचारून लगेच चहाचं बघायला उठायचात."

त्याच रविवारी ती मला घेऊन गावी गेली, भानूमावशींकडं. तीन वर्षांत त्यांना तोंड दाखवायची तिची हिंमत झाली नव्हती. मावशी वांग्याच्या वाफ्यात होत्या. वनितानं चप्पल काढून बांधावरच सांगून टाकलं, की तो लाल रंग माझा, मी चित्र काढून दिलं होतं.

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. 

"तू काढलंस ता?"

"हो मावशी."

"तुज्या आयनं आनि मी मिलून तुमचं शेत लावलंय. तू बांधावर बसून भात खायचीस. आनि तुला ता ध्यानात नाय आलं?"

 मावशींनी रागानं दोन वांगी तोडली, टोपलीत टाकली, मग आणखी दोन तोडली. शेवटी म्हणाल्या, "रडून काय होतंय? चुकलं ता सुदार. काय आनलंस त्या पिशवीत?"

पिशवीत लेबलं होती. नव्या पडद्याचे नऊ नमुने. मावशी ओटीवर बसल्या, हात पदराला पुसले आणि कागदावरच बोट चालवून बघू लागल्या. वनिता सांगत होती, "समजा तुमचं काम झालं आणि तुम्ही शेजारच्या सुमनच्या टेबलावर गेलात. तर काय दाबाल?" मावशींचं बोट अडलं की वनिता लाल ठिपका द्यायची आणि कागद फाडायची. आठ कागद फाटले. त्या आठांत आधी स्वतःचं नाव शोधायचं होतं, आणि मावशींचं बोट तिथं जातच नव्हतं.

"मी माजं नाव कशाला शोदू?" त्या वैतागून म्हणाल्या. "मी सुमनकडं गेली, तर सुमनचं नाव पायजे. मी कोन ता मना ठावक हाय!"

वनितानं अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि नववा नमुना खोडून त्याच कागदावर नवा काढला. त्यात फक्त शेजारणीचं नाव. ते दाबलं की दोघींची नावं एकमेकींना चिकटतात आणि खोकं दोघींच्या खात्यावर पडतं. बटणावर लिहिलं, 'सावड'. मावशींचं बोट सरळ गेलं. निघताना त्यांनी मला वांगी दिली. वनिताला दिली नाहीत. राग अजून पुरता गेला नव्हता, आणि जावा असं वनितालाही वाटत नसावं.

तिला हवी होती त्या कंपनीची मुलाखत पुढच्या महिन्यात आली. माझ्या घरातलं इंटरनेट बरं म्हणून माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. समोर पडद्यावर तिघं होते, दोन तरुण आणि एक मध्यमवयाची बाई. बोलणं हिंदीत, मधेमधे इंग्रजीत. मी स्वयंपाकघरात, कुकर न लावता.

तासभर ती सरळ उत्तरं देत होती. मग त्या बाईंनी विचारलं, "तुमच्या कामातली एक मोठी चूक?"

मी ओट्याची कड घट्ट धरली.

"गोदामातल्या तुमच्या पडद्यावरचा लाल रंग," वनिता म्हणाली. "तो तुमच्या माणसाला मी सुचवला होता."

 मग तिनं सगळं सांगितलं. सावड म्हणजे काय, भानूमावशी कोण, त्यांचं काम कसं गेलं.  ठिपक्यांचे आठ फाटके कागद चिकटपट्टीनं जोडून आणले होते, ते एकेक करून कॅमेऱ्यापुढं धरले. नववा शेवटी. एका तरुणानं विचारलं, "हे बटण सुचलं कसं?" कुठलीही उमेदवार इथं स्वतःचं घोडं पुढं दामटेल. वनिता म्हणाली, "सुचलं मावशींना. मी आठ वेळा चुकले, त्यांनी आठ वेळा सांगितलं. ऐकणं तेवढं माझं."

मी मनात म्हटलं, गेली नोकरी.

शेवटी त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" याला आम्ही एक छानसं उत्तर बसवलं होतं, कंपनीच्या पुढच्या योजनांबद्दल. वनितानं पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि विचारलं, "तुमच्या ऑफिसात स्वतःचं काम संपलं की कोणी दुसऱ्याच्या टेबलावर जातं का? आणि गेलं तर ते तुमच्या कुठल्या पडद्यावर दिसतं?"

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. ते मी दाराच्या फटीतून या डोळ्यांनी पाहिलं.

पाच दिवसांनी फोन आला. नोकरी बंगळूरची, पहिले सहा महिने कच्ची. फोन ठेवून वनिता तीन जिने चढून वर आली आणि म्हणाली, "काकू, कुकर लावा. भूक लागलीय." एवढाच तिचा आनंदसोहळा. मीच मूर्खासारखी रडले.

पुढं वर्षभरानं कामणच्या गोदामात नवा पडदा आला आणि त्यावर दोन नावं जोडता येतात, हे मला भानूमावशींनीच येऊन सांगितलं. गोदामवाल्यांनी त्यांना परत बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत. "आता माज्या वांग्यांना कोन बगल?" म्हणाल्या. पण सांगायला मात्र मुद्दाम एवढ्या लांब आल्या होत्या.

माझ्या डोळ्यांपुढं येते ती मात्र वनिता निघाली ती सकाळ. फाटकाशी रिक्षा उभी. भानूमावशी पहाटेच गावाहून आल्या होत्या, घरच्या तांदळाचं पीठ आणि या खेपेला वांगीही घेऊन. जड बॅगेचा एक बंद वनितानं धरला, दुसरा मावशींनी न बोलता उचलला आणि दोघींनी ती रिक्षात चढवली. वनिता बसली. तेवढ्यात वरून कोणीतरी ओरडलं, "पंप! टाकी भरली!"

मीटरच्या खोलीच्या सर्वांत जवळ मावशी होत्या. त्या आमच्या इमारतीत त्याआधी कधी आल्या नव्हत्या. "कुठं हाय?" म्हणत त्या आत शिरल्या. त्यांना काही सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर वनितानं हातानं मला गप्प केलं आणि रिक्षातून अर्धी बाहेर वाकून आत बघत राहिली. अंधाऱ्या खोलीत मावशींचा हात सहा बटणांवरून एकदाच फिरला, ट्यूबच्या रबराशी पोचला आणि पंप बंद झाला. कुठंही अडला नाही.

वनितानं मान आत घेतली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला."